युरोपची सहल : पास घ्यावा की तिकिटे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी जेव्हा मला सांगितले की, "वर्धापनदिनाला तुम्ही युरोपच्या सहलीवर चार शब्द बोला," तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. एक तर मला भाषणाची सवय नाही. दुसरे म्हणजे, आयफेल मनोरा किती उंच आणि व्हेनिसमध्ये पाण्यात घरे कशी उभी आहेत, हे आता आपल्यापैकी पुष्कळजणींनी स्वतः पाहिले आहे, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना मुलानातवंडांनी पाठविलेल्या फोटोंतून ते पाठ झाले आहे. तेच मी पुन्हा काय सांगणार?

पण परत आल्यापासून एक प्रश्न मात्र मला सारखा विचारला जातो. हळदीकुंकवाला गेले तरी तोच, स्टेशनजवळ भाजी घ्यायला उभी राहिले तरी तोच. "तुम्ही तो रेल्वेचा पास घेतला होता का हो? आम्ही घ्यावा का?" भाजीवाल्याने वजनकाटा उचलून धरलेला असताना ह्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. "घ्या" म्हटले तरी चुकते आणि "घेऊ नका" म्हटले तरी चुकते. तेव्हा आज एकदाच सर्वांना मिळून सांगते, आणि तेही आमच्या घरात जे घडले तेवढेच सांगते.

आपण डोंबिवली, कल्याण, ठाण्याची माणसे. पास ह्या शब्दाला आपल्या घरात जे वजन आहे ते दुसऱ्या गावांत क्वचितच असेल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले, आणि पुढे आपली सारी वस्तीच त्या रुळांच्या आधाराने वाढली. आमच्या ह्यांनी चौतीस वर्षे डोंबिवली ते व्ही. टी. पासावर काढली आणि मी अठ्ठावीस. घरातून निघताना किल्लीच्या आधी पास चाचपायचा, ही सवय मला निवृत्त झाल्यावरही दोन वर्षे सुटली नव्हती. आपल्यापैकी कितीजणींनी लेडीज डब्यात बसून पालेभाजी निवडली आहे आणि भिशी चालविली आहे, ते मी हात वर करून विचारीत नाही. सभा त्यातच संपेल!

ह्या पासाचे गणितही आपल्या अंगवळणी पडलेले आहे. डोंबिवली ते मुंबई साध्या वर्गाचे तिकीट पंधरा रुपये आणि महिन्याचा पास सव्वादोनशेच्या आत. म्हणजे सातआठ दिवस गेलेआले की पैसे वसूल, पुढचा महिना फुकट. गाडी कोणतीही पकडा, एक चुकली तर मागून दुसरी येतेच. जागेच्या आरक्षणाचा प्रश्नच नाही, कारण जागाच नाही. त्यामुळे पास म्हटला की तो स्वस्त असणार आणि मोकळा असणार, असे आपल्या मनात पक्के बसलेले असते. आमच्या घरातला सगळा घोळ ह्याच समजुतीतून झाला.

सहल २०२४ च्या मे महिन्यात करावयाची होती. माणसे सहा. आम्ही दोघे, मुलगा, सून, नात आणि नातू. पैसे माझ्या निवृत्तीचे. ह्यांचे सारे घराच्या कर्जात आणि मुलाच्या शिक्षणात गेले, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझे जे बँकेत होते त्यातून सर्वांना एकदा युरोप दाखवायचा, असे मी मनाशी ठरविले होते. घाईचे कारण निराळे होते. ह्यांच्या एका गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आणि दुसऱ्याचे डॉक्टरांनी पुढच्या वर्षावर ठेवलेले. आपल्या पायांनी हिंडावयाचे तर तोच उन्हाळा होता.

सहल कंपनीबरोबर जावे, असे मुलाचे म्हणणे होते. बसमध्ये बसावे, उतरावे, संध्याकाळी वरणभात मिळावा. त्यात वाईट काही नाही. माझ्या दोन बहिणी तशाच जाऊन आल्या आणि आनंदाने आल्या. पण ह्यांना बस नको होती. फार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका साहेबांनी युरोपच्या रेल्वेचा नकाशा आणून दिला होता. तो ह्यांनी चाळीस वर्षे कपाटात, लग्नपत्रिकांच्या खाली जपून ठेवलेला. हे म्हणाले, "आयुष्यभर पास घेऊन एकाच रुळावर गेलो आणि आलो. एकदा तरी असा पास घेईन की कुठल्याही गाडीत चढता येईल." ह्यावर काय बोलणार? ठाण्यातल्या एका प्रवासी एजंटाने त्यात तेल ओतले. "सोळा दिवसांची सहल ना? मग पंधरा दिवसांचा सलग पास घ्या, डोळे मिटून!" मी डोळे मिटून आजवर फक्त देवाला नमस्कार केला आहे. मी वही काढली.

हा पास म्हणजे काय, ते प्रथम सांगते. त्याला युरेल पास म्हणतात. तो १९५९ साली निघाला, तो युरोपाबाहेर राहणाऱ्या प्रवाशांसाठी. सध्या तो ३३ देशांत चालतो. युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल नावाचा निराळा पास आहे, तो १९७२ पासूनचा. हे लक्षात ठेवण्याचे कारण असे की, आपल्यापैकी पुष्कळांची मुले आता जर्मनीत, नेदरलँडमध्ये राहतात. तुम्ही येथून युरेल घेतला आणि मुलगा तिकडून बरोबर येणार असेल, तर त्याला युरेल मिळत नाही, इंटररेल घ्यावा लागतो. आणि तो ज्या देशात राहतो त्या देशात त्याला त्या पासावर एकदा बाहेर पडण्याचा आणि एकदा परत येण्याचा, एवढाच प्रवास करता येतो. एकाच डब्यात बसलेल्या आईला आणि मुलाला दोन वेगळे कायदे.

पास दोन तऱ्हांचा असतो. एक सलग : पंधरा दिवस, बावीस दिवस, महिना, असा. दुसरा सुट्या दिवसांचा : एका महिन्यात कोणतेही चार, पाच किंवा सात दिवस, दोन महिन्यांत दहा किंवा पंधरा दिवस. ज्या दिवशी गाडीत बसाल तो दिवस मोजायचा, मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. त्या दिवसात एक गाडी घ्या की सहा घ्या.

आता आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवर जे कॅलेंडर असते त्यावर आपण दुधाचे खाडे लिहितो ना, तसे मी मे महिन्याच्या पानावर लिहीत बसले. पॅरिसचे तीन दिवस : खाडा, खाडा, खाडा. शहरातल्या भुयारी गाडीला हा पास चालत नाही, तेव्हा तेथे तो खिशात नुसता पडून राहणार. पॅरिसहून बाझेलमार्गे ल्युसर्न : गाडी. ल्युसर्नहून रिगीचा डोंगर : छोटी गाडी. ल्युसर्न ते इंटरलाकेन : गाडी. तेथून लाउटरब्रुनेनच्या धबधब्यांना : छोटी गाडी. इंटरलाकेनहून मिलानमार्गे व्हेनिस : मोठी गाडी. व्हेनिसला खाडे. व्हेनिस ते फ्लॉरेन्स : गाडी. पुन्हा खाडे. फ्लॉरेन्स ते रोम : गाडी. मग रोमला खाडे आणि विमान. सोळा दिवसांत गाडीचे दिवस भरले सात, आणि त्यातले दोन निव्वळ डोंगरदऱ्यांत फिरण्याचे. एजंटाचा पंधरा दिवसांचा सलग पास म्हणजे गावाला गेलो असताना रोज दोन लिटर दूध घेतल्यासारखेच झाले असते.

ह्यांना मी ते पान दाखविले. हे थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मग सात दिवसांचा घेऊ." माणूस हट्टी असला म्हणजे हिशोबालाही वाट देतो.

त्यानंतर वयांचा प्रश्न आला. येथे पालकांनी नीट लक्ष द्यावे. युरेलमध्ये चार ते अकरा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाबरोबर पास फुकट मिळतो, एका मोठ्या माणसामागे दोन मुले. सत्तावीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना सुमारे पाव भाग सूट. साठ वर्षांवरच्यांना दहा टक्के. वय धरतात ते पास सुरू होण्याच्या दिवशीचे. आमचा नातू नऊ वर्षांचा, तो फुकटात बसला. नातीचा बारावा वाढदिवस एप्रिलच्या अखेरीस. आम्ही तीन आठवडे आधी निघालो असतो तर तीही फुकट, पण शाळेची परीक्षा आड आली. म्हणजे एका वाढदिवसाची किंमत पंचवीस हजार रुपयांवर! केक निराळा.

आणि सर्वांत मोठी अडचण पुढेच होती. आपल्या मनातला पास कोणत्याही गाडीत चढवितो. युरेल पास मात्र फ्रान्सच्या, इटलीच्या, स्पेनच्या वेगवान गाड्यांना एकटा पुरत नाही. तेथे जागेचे आरक्षण सक्तीचे असते आणि त्याचे पैसे वेगळे. मुलाचा पास फुकट असला तरी त्याच्या जागेचे पैसे द्यावेच लागतात. काही गाड्यांत पासवाल्यांसाठी थोड्याच जागा राखून ठेवतात; त्या संपल्या की पास हातात असून फलाटावर उभे. पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या वेगवान गाडीला आरक्षणाचे माणशी तीसेक युरो, इटलीतल्या प्रत्येक वेगवान गाडीला दहापंधरा युरो, असा तेव्हाचा दर होता. उलट जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, हॉलंड ह्या देशांतल्या बहुतेक गाड्यांत तुम्ही पास घेऊन खुशाल चढा, कोणी विचारीत नाही. म्हणजे पास चांगला की वाईट हे पासावर नाही, तो कोणत्या देशात न्यायचा ह्यावर आहे. आमचे दुर्दैव असे की, आमच्या पाच मोठ्या प्रवासांपैकी चार आरक्षण मागणाऱ्या गाड्यांचे होते.

हिशोब मांडला. त्या वेळी युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता. (२०२५ मध्ये त्याने शंभरी गाठली, तेव्हा माझे आकडे कोणी जसेच्या तसे घेऊ नयेत.) सात दिवसांचे पाच पास मिळून सव्वासतराशे युरो, नातू फुकट. सहाजणांची सारी आरक्षणे मिळून पावणेपाचशेच्या पुढे. एकूण बावीसशे युरो, म्हणजे दोन लाख रुपयांना थोडे कमी.

आता दुसरी बाजू. तिकडच्या लांबच्या गाड्यांचे भाडे आपल्यासारखे ठरलेले नसते, विमानासारखे असते. दोनतीन महिने आधी घ्याल तर एक भाव, आदल्या दिवशी घ्याल तर तिप्पटही. सूनबाईने रात्री मुले झोपल्यावर एकेक तिकीट शोधून काढले. तिला ते काम छान जमते, मी नुसती शेजारी बसून वहीत लिहीत होते. पॅरिस-बाझेल, इंटरलाकेन-मिलान, मिलान-व्हेनिस, व्हेनिस-फ्लॉरेन्स, फ्लॉरेन्स-रोम, ही सारी सहा माणसांची मिळून आठशे युरोंत बसली. जागेचे आरक्षण त्यातच आले. फक्त एक अट. त्याच दिवशी, त्याच वेळेला, त्याच गाडीत. चुकली तर तिकिटाचा कागद झाला.

ह्या तिकिटांना आणखी एक अडचण आहे, ती आपल्या लोकांनाच असते. व्हिसा. स्वस्त तिकिटे लवकर घ्यावीत तर व्हिसा हातात नाही, आणि व्हिसा येईपर्यंत थांबावे तर तिकिटे महाग होतात. ह्या बाबतीत पास सोयीचा, हे कबूल केले पाहिजे. तो एकदा सुरू केला नसेल तर काही रक्कम कापून घेऊन परत करता येतो. मात्र सवलतीच्या भावात घेतलेल्या पासाचे नियम निराळे असतात, ते आधी वाचावेत. आम्ही व्हिसा येईपर्यंत दम धरला. तो दम धरताना सूनबाई रोज रात्री भाव पाहायची आणि मला सांगायची, "आई, आज चार युरो वाढले." शेअरबाजारात पैसे घातलेल्यांची रात्र कशी जात असेल ते मला तेव्हा कळले.

राहिला स्वित्झर्लंड. त्या देशाचा स्वतःचा पास आहे, स्विस ट्रॅव्हल पास, तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा सलग दिवसांचा. त्यात आगगाड्या येतात, बसगाड्या येतात, तळ्यांतल्या बोटी येतात, शहरांतल्या ट्रॅम येतात आणि पाचशेच्या वर संग्रहालयेही. रिगीच्या डोंगराची गाडीसुद्धा त्यातच. आणि मुलांसाठी फॅमिली कार्ड म्हणून एक चिठ्ठी फुकट देतात, तिच्यावर आईबापांबरोबर सहा ते पंधरा वर्षांची मुले फुकट प्रवास करतात. म्हणजे फ्रान्सच्या सरहद्दीपर्यंत मोठी झालेली आमची नात बाझेल स्टेशनात उतरताच पुन्हा लहान झाली! चार दिवसांचा पास त्या साली २९५ फ्रँकांना होता. चौघांचे मिळून रुपयांत एक लाख आठ हजार.

त्याच देशात निम्म्या भाड्याचे कार्ड असते, ते तेव्हा १२० फ्रँकांना महिनाभर मिळे. ते घेऊन प्रत्येक वेळी अर्धे तिकीट काढावे. आमच्या फिरण्याला ते माणशी चाळीसपन्नास फ्रँकांनी स्वस्त पडत होते, हे वहीत स्पष्ट दिसत होते. मी तेच घ्या म्हणत होते. तेव्हा सूनबाई, जी सहसा माझ्यापुढे बोलत नाही, ती म्हणाली, "आई, दिवसातून चार वेळा यंत्रापुढे उभे राहून, एका हातात मूल धरून तिकिटे काढायची, तर ती सुट्टी माझी नाही हो." मी वही मिटली. आपण हिशोब मांडतो तेव्हा उभे राहणाऱ्याचे पाय त्यात धरीत नाही, हेही खरेच आहे. स्विस पास घेतला.

तर आमचे गणित असे झाले : तिकिटे बहात्तर हजार, स्विस पास एक लाख आठ हजार, एकूण एक लाख ऐंशी हजार. युरेलपेक्षा साडेसतरा हजार कमी, आणि युरेलवर रिगीचे अर्धे भाडे पुन्हा द्यावे लागले असते ते वेगळेच. हे थोडे हिरमुसले. पण "चार दिवसांचा तरी पास आहे ना?" असे त्यांनी दोनदा विचारून घेतले.

प्रवासाचे फार सांगत नाही. ल्युसर्नहून पहिली गाडी पकडताना मी सवयीने डब्यात घुसले आणि खिडकीच्या जागेवर रुमाल टाकला. डब्यात आमच्याखेरीज तीन माणसे होती. नातीने मला न ओळखल्यासारखे केले. दुसऱ्या दिवशी बोटीने फित्स्नाउ गावी गेलो. तेथून रिगीच्या माथ्यावर दात्यांच्या रुळांवरून गाडी चढते. ती १८७१ साली सुरू झाली, युरोपातली पहिली डोंगरी आगगाडी. आपली नेरळ-माथेरानची गाडी १९०७ ची, तिला दात्यांचे रूळ नाहीत, ती वळणे घेत घेत चढते. सर्व मिळून नातवाला दोन्हीपैकी माथेरानची जास्त आवडली असे त्याने जाहीर केले, कारण तेथे माकडे आहेत.

त्या गाडीत तिकीट तपासनीस आला. ह्यांनी काय केले होते, तर स्विस पासाचा छापलेला कागद चौघडी करून आपल्या जुन्या डोंबिवलीच्या पासाच्या प्लास्टिकच्या कव्हरात घातला होता. ते कव्हर हे येथून घेऊन आले होते, मला पत्ता नव्हता. तपासनीस जवळ येताच ह्यांनी खिडकीबाहेरची नजर न काढता, चौतीस वर्षे करीत आले तसा, हात तेवढा वर केला. आपल्याकडे एवढ्याने भागते. त्या बिचाऱ्याला कागदावरची काळीपांढरी चौकट यंत्राने वाचावयाची होती, तेव्हा त्याने तो बाहेर काढून, उलगडून, वाचून, पुन्हा तशीच घडी घालून कव्हरात ठेवला आणि मान लववून परत दिला. हे दिवसभर कोणाशी फारसे बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

आता जे सांगावयाचे ते फ्लॉरेन्सचे. तेथल्या फरसबंद रस्त्यांवरून दोन दिवस चाललो आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ह्यांचा गुडघा सुजून नारळाएवढा झाला. साडेनऊची रोमची गाडी. पाय जमिनीला टेकवेना. मुलगा म्हणाला, "व्हीलचेअर मागवू, नेऊ." हे म्हणाले, "तुम्ही जा, मी मागून येतो," जणू डोंबिवली फास्ट चुकली आहे. शेवटी कोणीच गेले नाही. सहा तिकिटे, एकशेवीस युरो, साडेनऊ वाजून एक मिनिटाला बुडाले. रोमच्या खोलीचे एका रात्रीचे भाडेही गेले, पण तो रेल्वेचा विषय नाही.

त्या दिवशी बर्फाने पाय शेकीत बसले असताना माझ्या मनात एकच विचार. माझ्या वहीने ह्यांचा पास हिरावून घेतला, आणि ज्या दिवशी तो लागला असता त्या दिवशी तो नव्हता. हे एका शब्दाने काही बोलले नाहीत, त्यामुळे अधिकच लागले.

दुसऱ्या दिवशी सूज उतरली. वेगवान गाडीची तिकिटे त्या दिवशीच्या भावाने अवाच्या सवा होती. खानावळीच्या बाईने सांगितले, साध्या गाडीने जा. इटलीत साध्या, प्रत्येक लहान गावाला थांबणाऱ्या गाड्या आहेत. त्यांचे भाडे ठरलेले असते, आज घ्या की महिन्याआधी घ्या. आरक्षण नाही. कागदी तिकिटावर मात्र फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून मगच चढावे, नाहीतर दंड होतो. सहाजणांचे सव्वाशे युरो झाले. वेगवान गाडी दीड तासात नेते, हिने चार तास घेतले. ऑलिव्हची झाडे, टेकडीवरची गावे, चढणाऱ्या शाळकरी मुली, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका. हे पाय समोरच्या बाकावर ठेवून, खाली वर्तमानपत्र घालून, बसले होते. म्हणाले, "अगं, ही खरी आपली गाडी. दिवा लोकल!" सबंध सहलीत हे जेवढे रिगीवर खूष होते तेवढेच ह्या चार तासांत होते.

रोमला पोचल्यावर मुलाने वही मागून घेतली आणि पुन्हा बेरीज केली. वाचविलेल्या साडेसतरा हजारांतले सव्वाअकरा हजार ह्या एका दिवसात गेले. युरेल असता तर आरक्षणांचे पैसे बुडाले असते, भाडे बुडाले नसते, आणि साधी गाडी पासावर फुकट मिळाली असती. म्हणजे अखेर उरले सहा हजार. चार महिने वही घेऊन बसले त्याची माझी मजुरीसुद्धा सुटली नाही! आणि जर दोन वेळा असे झाले असते, तर मी हरलेच असते.

म्हणून जेव्हा कोणी विचारते तेव्हा मी आता आधी त्यांनाच विचारते. बरोबर कोण आहे? कोणाचे गुडघे, कोणाचा दमा, कोणाचे तान्हे मूल? बेत बदलण्याची शक्यता जेवढी जास्त तेवढा पास जवळचा, मग तो थोडा महाग पडला तरी चालेल. फक्त तो अशा देशांतला असावा की जेथे आरक्षणाचा काच नाही, नाहीतर मोकळेपणाचे पैसे देऊन बांधलेलेच राहाल.

ह्याचे उदाहरण कल्याणचेच आहे. आमच्या नात्यातले एक जोडपे, दोघेही साठीच्या पुढचे, आमच्या मागून चार महिन्यांनी गेले. त्यांनी दोन महिन्यांत दहा दिवसांचा युरेल घेतला आणि जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड एवढेच केले. रोज सकाळी खिडकी उघडून आभाळ पाहायचे. पाऊस असला की त्या दिवशी पास न वापरता गावातच संग्रहालय पाहायचे, ऊन असले की गाडी. साल्झबुर्गला दोन दिवस राहणार होते ते पाच दिवस राहिले. त्यांच्याकडे पासाचा दिवसन् दिवस सोन्याचा झाला. दोघेच होते, सामान थोडे, मुले नाहीत. आमच्या नातवंडांना "सकाळी उठून पाहू" असे सांगितले असते तर सकाळ भांडणातच गेली असती.

आणि ज्यांची मुले जर्मनीत आहेत आणि ज्या दीडदोन महिने राहावयास जातात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. तेथे १ मे २०२३ पासून सबंध देशाचा मासिक पास निघाला आहे. सुरुवातीला ४९ युरोंना होता, २०२५ मध्ये ५८ झाला, जानेवारी २०२६ पासून ६३. वेगवान गाड्या त्यात नाहीत, पण साऱ्या देशातल्या लोकल, बस, ट्रॅम त्यात येतात. हा मात्र अगदी आपल्या मनातला पास. तो दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतो, तेव्हा परत येण्याच्या महिन्यात दहा तारखेच्या आत मुलाकडून तो बंद करवून घ्यावा. नाहीतर तुम्ही डोंबिवलीत आणि पास म्युनिकला फिरतो आहे, असे व्हायचे.

ह्यांचे दुसऱ्या गुडघ्याचे ऑपरेशन गेल्या वर्षी झाले. आता सकाळी पेंढरकर कॉलेजपर्यंत चालून येतात. चाळीस वर्षांचा तो नकाशा पुन्हा कपाटातून बाहेर आला आहे, आणि ह्या वेळी बोट उत्तरेकडे, नॉर्वेच्या बाजूला फिरते आहे. मी अजून काही म्हटलेले नाही. कॅलेंडर तेवढे आणून ठेवले आहे.

माझी वही मी मंडळाच्या कपाटात, पाककृतींच्या वह्यांशेजारी ठेवीत आहे. ज्यांना हवी त्यांनी चिटणीसबाईंकडे नोंद करून न्यावी, आठ दिवसांत परत आणावी, आणि कृपा करून मागच्या कोऱ्या पानांवर भिशीचा हिशोब लिहू नये.